स्वयंसेवी अग्निशमन दल: पटावरची नावं सोडा, आगीवर पोचणारी माणसं मोजा

अमेरिकेतल्या लहान गावांत आणि काउंटींमध्ये आगीच्या वर्दीवर धावणारे बरेचसे बंब स्वयंसेवक चालवतात. अशा दलांमध्ये एक चूक वारंवार दिसते. पटावर पस्तीस नावं असली की माणसांची ददात नाही, असं धरून चाललं जातं. मग मंगळवारी सकाळी अकराला वर्दी येते आणि चौघं पोचतात. त्यांतल्या दोघांनाच बीए सेट (पाठीवरच्या सिलिंडरमधून हवा देणारा श्वसनसंच) लावून आत जाता येतं, आणि बंब चालवून आणलेला त्या दोघांपैकीच एक असतो.

दुसरी चूक क्रमाची. नवा माणूस आला की आधी पोशाख आणि पेजर, मग थेट वर्दी, आणि प्रशिक्षण जमेल तेव्हा. माणूस उत्साही असतो, दलाला हात हवे असतात, त्यामुळे कुणाला यात काही वावगं वाटत नाही. पण धोका नेमका इथेच शिरतो.

हा लेख दलप्रमुख, प्रशिक्षण अधिकारी आणि दलाचा कारभार पाहणाऱ्या मंडळाच्या सदस्यांसाठी आहे. टप्पे दिलेल्या क्रमानेच घ्या. चौथ्या टप्प्यापासून सुरुवात केली तर पहिल्या तिन्हींची उत्तरं अंदाजाने भरली जातात.

टप्पा १: कोणता नियम तुम्हाला लागू आहे, ते लिहून काढा

एनएफपीए ही मानकं तयार करणारी खासगी संस्था आहे. तिची मानकं आपोआप कायदा होत नाहीत. राज्याने किंवा स्थानिक यंत्रणेने स्वीकारली तरच ती बंधनकारक ठरतात. मनुष्यबळाच्या बाबतीत दोन मानकांची गल्लत होते. एनएफपीए १७१० पगारी दलांसाठी आहे, तर एनएफपीए १७२० मुख्यतः स्वयंसेवकांवर चालणाऱ्या दलांसाठी. पगारी दलाचे आकडे घेऊन स्वतःला नापास ठरवू नका, आणि ‘आपण तर स्वयंसेवक’ म्हणून १७२० कडे पाठही फिरवू नका.

ओशा ही कामगारांच्या सुरक्षेचे नियम करणारी संघीय यंत्रणा. तिचे नियम हा वेगळा भाग आहे. श्वसन संरक्षणाचा १९१०.१३४ आणि अग्निशमन पथकांचा १९१०.१५६ हे दोन नियम तुमच्या कामाचे. संघीय ओशाचा अधिकार राज्य आणि स्थानिक शासनाच्या कर्मचाऱ्यांवर चालत नाही. मात्र वीसहून अधिक राज्यांनी स्वतःच्या मंजूर योजना केल्या आहेत आणि तिथे सार्वजनिक सेवेतल्या लोकांनाही हे नियम लागू होतात. स्वयंसेवक त्यात धरला जातो की नाही, हे राज्यागणिक बदलतं. राज्याच्या कामगार विभागाला लेखी विचारा आणि आलेलं उत्तर फाइलला लावा.

आता कागदावर एक लेखी निवेदन तयार करा. १९१०.१५६ मध्ये ते मागितलंच आहे, पण नियम लागू नसला तरी करा. त्यात एवढं हवं: दलाची रचना, सदस्यांची अपेक्षित संख्या, दल कोणती कामं करणार, आणि कोणतं प्रशिक्षण किती आणि किती वेळा देणार. ‘कोणती कामं करणार’ या ओळीवर सर्वांत जास्त वेळ घालवा. तुमचं दल जळत्या घराच्या आत शिरणार, की बाहेरूनच पाणी मारणार? दोन्ही उत्तरं सन्मानाची आहेत. बाहेरून काम करायचं ठरवून ते नीट करणारं दल मला त्या दलापेक्षा कितीतरी भरवशाचं वाटतं, जे आत जायची तयारी नसताना सवयीने आत जातं.

> इशारा: मानकांचे क्रमांक बदलत आहेत. एनएफपीए जुनी मानकं एकत्र करत असून जवानांच्या पात्रतेचं १००१ आता १०१० मध्ये सामावलं आहे. ओशानेही १९१०.१५६ च्या जागी नवा नियम आणण्याचा प्रस्ताव २०२४ मध्ये मांडला. निवेदनात मानकाच्या क्रमांकासोबत आवृत्तीचं वर्ष लिहा.

टप्पा २: खरोखर कोण येतं, ते मोजा

मागच्या बारा महिन्यांच्या वर्द्या काढा. इमारतींच्या आगी वेगळ्या करा. प्रत्येक वर्दीसाठी पुढच्या नोंदी हव्यात:

- नियंत्रण कक्षाने वर्दी देऊन पूर्ण केल्याची वेळ
- पहिला बंब निघाल्याची आणि पोचल्याची वेळ
- घटनास्थळी चौथा, सहावा आणि दहावा माणूस पोचल्याची वेळ
- आलेल्यांपैकी आत जाण्यास पात्र किती, बंब चालवण्यास पात्र किती, अधिकारी किती

तिसरी ओळ बहुतेक दलांच्या नोंदीत नसतेच. पहिला बंब किती मिनिटांत पोचला हे सगळे लिहितात. पण त्या बंबात दोनच माणसं होती आणि तिसरं माणूस अकरा मिनिटांनी आपल्या गाडीने आलं, हे कुठेच सापडत नाही. मागच्या नोंदींत नसेल तर आजपासून लिहायला लागा. येणाऱ्या प्रत्येकाने पोचताच आपल्या नावाचा टॅग प्रमुखाकडे द्यायचा आणि टॅग घेणाऱ्याने वेळ टिपायची. सहा महिन्यांत कामापुरती माहिती जमते.

मग या वर्द्या तीन गटांत लावा: कामाच्या दिवशी सकाळी सहा ते संध्याकाळी सहा, कामाच्या दिवसांच्या रात्री, आणि शनिवार-रविवार. तिन्ही गटांची एकच सरासरी काढलीत तर रात्रीची गर्दी दिवसाची टंचाई झाकून टाकते. अनेक स्वयंसेवक गावाबाहेर नोकरीला जातात. दिवसा गावात उरतात ते निवृत्त, रात्रपाळीचे आणि घरून काम करणारे. दल दुबळं असतं ते याच वेळेत.

मोजताना पुढची माणसं हमखास चुकीने धरली जातात:

- आग आटोक्यात आल्यावर केंद्रावर पोचलेले. ते हजेरीत येतात, पण आगीवर नव्हते.
- अल्पवयीन सदस्य. त्यांना धोक्याच्या क्षेत्रात पाठवता येत नाही.
- एकाच वेळी दोन दलांच्या पटावर असलेले. शेजारच्या दलाची मदत मोजतानाही तेच नाव पुन्हा येतं आणि कागदावर एकाचे दोन होतात.
- रुग्णवाहिकेवरही जाणारे. अपघाताची वर्दी चालू असताना ते आगीसाठी मोकळे नसतात.

> तपासणी: दिवसाच्या गटातल्या इमारतींच्या आगींत आत जाण्यास पात्र असे चार जण किती वेळा पोचले? हा आकडा पाठ नसेल, तर पुढच्या टप्प्याला हात लावू नका.

टप्पा ३: लक्ष्य ठरवा, आणि ते सरासरीने तपासू नका

एनएफपीए १७२० वस्तीच्या घनतेनुसार किमान माणसं, वेळ आणि हे किती टक्के वेळा साधावं ते सांगतं. आधाराला घेतलेली इमारत म्हणजे तळघर नसलेलं, सुमारे २,००० चौरस फुटांचं दुमजली घर.

- शहरी भाग, चौरस मैलाला १,००० हून जास्त लोक: १५ जण, ९ मिनिटं, ९० टक्के वेळा
- उपनगरी भाग, ५०० ते १,००० लोक: १० जण, १० मिनिटं, ८० टक्के वेळा
- ग्रामीण भाग, ५०० हून कमी लोक: ६ जण, १४ मिनिटं, ८० टक्के वेळा
- दुर्गम भाग, प्रवासाचं अंतर ८ मैल किंवा अधिक: ४ जण, वेळ अंतरानुसार, ९० टक्के वेळा

घड्याळ सुरू होतं नियंत्रण कक्षाने वर्दी देऊन पूर्ण केल्यापासून. काही दलं बंब केंद्रातून निघाल्यापासून मोजतात. स्वयंसेवकाला घरून केंद्रावर यायला लागणारी मिनिटं मग हिशेबातून गळतात, आणि स्वयंसेवी दलाचा खरा वेळ तर तिथेच जातो. आपोआप मदतीचा करार (वर्दी येताच न मागता मदत पाठवण्याचा) असेल तर शेजारच्या दलाकडून आलेली माणसं या संख्येत धरता येतात.

आता टक्क्यांकडे. समजा तुमचं दल ग्रामीण आहे आणि दहा आगींत सहावा माणूस अनुक्रमे ८, ९, ९, १०, १०, ११, १२, १७, १९ आणि २२ मिनिटांनी पोचला. सरासरी येते १२.७ मिनिटं. ती १४ च्या आत आहे म्हणून बैठकीत समाधान व्यक्त होतं. पण १४ मिनिटांच्या आत सहा जण जमले ते दहापैकी सातच वेळा. म्हणजे ७० टक्के. लक्ष्य ८० टक्क्यांचं आहे, तेव्हा दल मागे आहे. ज्या तीन आगींत माणसं उशिरा आली त्यांच्या वेळा पाहा. त्या बहुधा एकाच गटातल्या निघतील.

आत शिरण्यापूर्वीचे चार

माणसं-साधनं जमली की दोन मिनिटांच्या आत आगीवर पहिला हल्ला सुरू करण्याची क्षमता ९० टक्के वेळा असावी, असं १७२० सांगतं. आणि आत शिरून आग विझवायला सुरुवात करण्याआधी किमान चार जण जमलेले हवेत. ओशाच्या १९१०.१३४ मधला ‘दोन आत, दोन बाहेर’ हा नियम याच्याशी जुळतो. आग प्राथमिक अवस्थेच्या पुढे गेली असेल तर आत जाणारे किमान दोघं एकत्र जातात आणि एकमेकांना दिसत किंवा आवाज देत राहतात. नुसत्या रेडिओवरचा संपर्क यात चालत नाही. बाहेरचे दोघं तयारीत उभे असतात, आतल्यांना बाहेर काढण्यासाठी.

या बाहेरच्या दोघांची मोजणीच सर्वांत जास्त चुकते. त्यांतल्या एकाकडे दुसरी जबाबदारी देता येते, उदाहरणार्थ घटनास्थळाचा प्रमुख किंवा सुरक्षा अधिकारी. अट एकच: ती जबाबदारी सोडून तो बचावाला गेला तर बाकी कुणाचा जीव धोक्यात येता कामा नये. पंपावरचा माणूस या अटीत सहसा बसत नाही. तो पंप सोडून गेला आणि दाब कोसळला, तर आतल्यांच्या हातातल्या नोझलचं पाणी जातं. म्हणून एक पंपावर, एक प्रमुख, दोन आत ही मांडणी चौघांची दिसत असली तरी बाहेरचा दुसरा माणूस तिच्यात नाही. माझं मत स्पष्ट आहे: एकाच बंबावर काम करणाऱ्या दलाने आत जाण्यासाठी पाच हा आकडा धरावा.

आत कुणी अडकलं असेल तर चौघं जमण्याआधी बचावासाठी जायला नियम आडवा येत नाही. पण ही सवलत माणूस वाचवण्यासाठी आहे. ‘आत कुणी असेलही’ या अंदाजावर दर वेळी तिचा आधार घेतला जात असेल, तर तुमच्या दलात तो अपवाद उरलेला नाही आणि पुढच्या बैठकीत हा विषय पटलावर घ्यायला हवा.

> इशारा: पाच पात्र माणसं येईपर्यंत रिकाम्या हातांनी उभं राहायचं नाही. बाहेरून खिडकीतून पाणी मारणं, हायड्रंट जोडणं, होज अंथरणं, घराला फेरी मारून चारही बाजू पाहणं ही कामं दोघांनीही सुरू होतात. ‘दोघं आले तर काय, तिघं आले तर काय’ हे एका पानावर लिहून बंबात चिकटवा.

टप्पा ४: तूट भरून काढा

तूट कुठे आहे हे कळलं की उपाय त्या वेळेपुरते करा. दिवसा माणसं कमी पडत असतील तर रात्री येणारे आणखी दहा सदस्य भरती करून काहीच साधत नाही.

सगळ्यात आधी शेजारच्या दलाशी आपोआप मदतीचा करार. इमारतीत आग अशी वर्दी आली की नियंत्रण कक्षाने दोन्ही दलांना एकाच वेळी कळवायचं. तुमचा प्रमुख पोचून, पाहून, मग मदत मागणार असेल तर तेवढ्यात दहा-पंधरा मिनिटं निघून जातात. करारात दिवसाच्या वर्दीवर किती पात्र माणसं येतील तेही लिहून घ्या, नाहीतर बंब येतो आणि त्यात एकटा चालक असतो.

दुसरा उपाय पाळ्यांचा. आठवड्यातले दिवस वाटून घेतले की सदस्याला आपला दिवस ठाऊक असतो आणि त्या दिवशी तो गावाबाहेर जात नाही. केंद्रातच मुक्कामाची पाळी ठेवली तर घरून येण्याची मिनिटं पूर्ण वाचतात. विमा मानांकन करणाऱ्या आयएसओच्या मोजणीतही हाच फरक दिसतो: घरून येणारे साधारण तीन स्वयंसेवक केंद्रात हजर असलेल्या एका माणसाच्या बरोबरीने धरले जातात.

तिसरा उपाय कामांच्या वाटणीचा. गुडघा दुखतो म्हणून आत न जाऊ शकणारा साठीतला सदस्य पाण्याचा टँकर उत्तम चालवू शकतो. टॅग सांभाळणं, रस्ता अडवणं, सिलिंडर बदलून देणं, नोंदी ठेवणं यासाठी माणसं वेगळी तयार केलीत की आत जाण्यास पात्र असलेले पाचही जण मुख्य कामाला मोकळे राहतात. अशा सदस्यांना दुय्यम समजणारी दलं हळूहळू रिकामी होतात.

पाळीसाठी मानधन द्यायचं असेल तर आधी वकिलाला विचारा. संघीय कामगार विभागाच्या मार्गदर्शनानुसार नाममात्र मानधन साधारणपणे त्याच कामाच्या पगारी जवानाच्या वेतनाच्या २० टक्क्यांच्या आत असावं. त्यापुढे गेलं की माणूस कर्मचारी ठरू शकतो. भरती आणि सदस्य टिकवण्यासाठी फेमा या संघीय आपत्ती व्यवस्थापन यंत्रणेचं सेफर अनुदान असतं. त्याच्या अर्जात दुसऱ्या टप्प्यातले आकडे थेट वापरता येतात.

टप्पा ५: पोशाख देण्याआधी

क्रम असा: अर्ज, वाहन परवान्याची आणि पार्श्वभूमीची तपासणी, वैद्यकीय तपासणी, मास्कची फिट टेस्ट (तो चेहऱ्यावर घट्ट बसतो का याची चाचणी), आणि त्यानंतर पोशाख.

वैद्यकीय तपासणी टाळण्याकडे कल असतो, कारण खर्च येतो आणि जुने सदस्य नाराज होतात. पण अमेरिकेत कर्तव्यावर मरण पावणाऱ्या जवानांत हृदयविकाराचा झटका हे वर्षानुवर्षं सर्वांत मोठं कारण राहिलं आहे. जड पोशाख, उष्णता आणि झोपेतून उठून एकदम धावणं हे बंद होत आलेल्या रक्तवाहिन्यांना झेपत नाही. नव्यांची तपासणी करायची आणि वीस वर्षं जुन्यांना सोडायचं ही उलटी पद्धत आहे. जोखीम वयाबरोबर वाढते.

फिट टेस्ट मास्क पहिल्यांदा वापरण्याआधी, मग दर वर्षी, आणि मास्कचा प्रकार बदलला की पुन्हा. मास्कची कड जिथे चेहऱ्याला चिकटते तिथे दाढी चालत नाही. हे अर्जाच्या वेळीच सांगा, म्हणजे पुढे वाद होत नाहीत.

पोशाखाच्या आतल्या चिठ्ठीवरची उत्पादनाची तारीख वाचा. एनएफपीएच्या नियमाप्रमाणे दहा वर्षांनंतर तो आगीत वापरायचा नाही. दुसऱ्या दलाकडून दान आलेले पोशाख याच कसोटीवर नापास होतात.

> तपासणी: दलात वैद्यकीय प्रमाणपत्र आणि चालू वर्षाची फिट टेस्ट दोन्ही असलेले किती जण आहेत? ‘आत जाण्यास पात्र’ या शब्दांचा अर्थ तिथूनच सुरू होतो. दुसऱ्या टप्प्यातला आकडा या चाळणीतून पुन्हा काढा.

टप्पा ६: प्रशिक्षणाची शिडी, पायरी न गाळता

फायरफायटर १ आणि फायरफायटर २ या पात्रतेच्या दोन पातळ्या आहेत. पहिल्या पातळीचा जवान देखरेखीखाली काम करतो, दुसऱ्या पातळीचा अधिक स्वतंत्रपणे. किती तास लागतात हे राज्यानुसार बदलतं. मानक तासांपेक्षा कौशल्य मोजतं: प्रत्येक काम दिलेल्या अटींत करून दाखवायचं. तास भरले म्हणून सही देऊ नका.

नव्या सदस्याला लगेच वर्दीवर यायचं असतं. त्याला अडवून ठेवलं तर तो सोडून जातो, हे खरं आहे. म्हणून शिडी अशी लावा की पहिल्या पायरीनंतरच त्याला खरं, पण सुरक्षित काम मिळेल.

पायरी एक: बाहेरचं काम. धोक्याचं क्षेत्र ओळखणं, टॅग देणं, रेडिओवर बोलणं, सीपीआर, रस्त्यावर वाहतुकीत स्वतःला सांभाळणं, बंबात बसल्यावर सीटबेल्ट. सोबत घटना व्यवस्थापनाचे आयसीएस-१०० आणि आयएस-७०० हे ऑनलाइन अभ्यासक्रम. ही पायरी झाली की तो वर्दीवर येऊ शकतो, पण आगीच्या इमारतीत किंवा धुरात पाऊल टाकू शकत नाही.

पायरी दोन: बीए सेट. इथे घाई करू नका. आधी उजेडात, मग डोळे झाकून, मग हातमोजे घालून. ३० मिनिटांचा म्हटलेला सिलिंडर कष्टाच्या कामात निम्म्या वेळातही संपू शकतो. प्रत्येकाने आपला सिलिंडर खरोखर किती पुरतो हे काम करत मोजायचं आणि तो आकडा त्याच्या फाइलमध्ये लिहायचा. हवा कमी झाल्याची घंटा नव्या संचांत ३३ टक्क्यांवर वाजते, जुन्यांत २५ वर. तुमच्या दलात दोन्ही प्रकार मिसळलेले असतील तर प्रत्येकाला ते माहीत हवं. घंटा वाजली की निघायचं, असं शिकवू नका. घंटा वाजण्याआधी बाहेर यायचं. घंटेनंतरची हवा अडकलात तर वापरायची आहे.

पायरी तीन: होज, शिडी, शोध, धूर बाहेर काढणं, धोकादायक रसायनांची ओळख. ही पायरी बहुतेक दलांत नीट होते, त्यामुळे इथे लांबवत नाही.

पायरी चार: मेडे (संकटात सापडल्याची रेडिओवरची हाक) आणि स्वतःची सुटका. अनेक दलं हा धडा सगळ्यात शेवटी ठेवतात. तो प्रत्यक्ष आगीच्या सरावाआधी झाला पाहिजे. मेडे कधी द्यायचा हे ठरवून द्या: वाट हरवली, अडकलो, पडलो, हवा कमी आणि बाहेर पडण्याची वाट माहीत नाही. जवानाला लाज वाटते, तो ‘अजून थोडं पाहू’ म्हणतो आणि हवा संपते. म्हणून सरावात मेडे मोठ्याने देण्याची सवय लावावी लागते. जवानाच्या अंगावरचं पास हे इशारा देणारं यंत्र तो सुमारे ३० सेकंद निश्चल राहिला की वाजतं. सरावात ते वाजलं तर कुणीही दुर्लक्ष करायचं नाही.

पायरी पाच: प्रत्यक्ष आग. पुढचा पूर्ण टप्पा त्यासाठीच आहे.

प्रत्येक पायरीचा रंग हेल्मेटवर किंवा टॅगवर दिसू द्या. मध्यरात्री शेजारच्या दलाचा प्रमुख तुमच्या माणसांना काम देत असेल तेव्हा त्याला नावं ठाऊक नसतात, पण रंग दिसतो.

टप्पा ७: प्रत्यक्ष आगीचा सराव

२००१ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या लेअर्डस्व्हिल इथे एका जुन्या घरात सराव चालू असताना एका नव्या स्वयंसेवकाचा मृत्यू झाला. त्याला अडकलेल्या माणसाची भूमिका देऊन आत ठेवलं होतं आणि त्याच घरात आग लावली होती. सराव चालवणाऱ्या अधिकाऱ्याला न्यायालयाने गुन्हेगारी निष्काळजीपणाबद्दल दोषी ठरवलं. एनएफपीए १४०३ हे मानक तेव्हाही होतं. ते पाळलं गेलं असतं तर तो माणूस तिथे नसता.

या मानकातल्या ज्या गोष्टींवर तडजोड नाही त्या या:

1. अडकलेल्या माणसाच्या जागी जिवंत माणूस कधीही नाही. पुतळा वापरा.
2. आधीच्या पायऱ्या पूर्ण नसलेला कुणीही आत नाही. दुसऱ्या दलातून आलेल्याने लेखी पुरावा आणायचा.
3. पाच शिकणाऱ्यांमागे किमान एक प्रशिक्षक. सुरक्षा अधिकारी वेगळा, आणि त्याला दुसरं कोणतंही काम नाही.
4. सरावासाठी मिळालेल्या जुन्या घरात एका वेळी एकच आग.
5. जळण माहितीतलं: कोरडं लाकूड, गवत. टायर, फोम, प्लास्टिक, रसायन लावलेलं लाकूड आणि पेट्रोलसारखे द्रव नाहीत.
6. आग लावण्याआधी सगळ्यांनी घरातून फिरून बाहेरच्या वाटा पाहायच्या. बाहेर पडण्याची खूण ठरवून ती वाजवून दाखवायची.
7. हल्ल्याच्या आणि राखीव होजसाठी पाण्याचे वेगवेगळे स्रोत. बचाव पथक आणि वैद्यकीय मदत जागेवर.

यातलं एक जरी जमत नसेल तर त्या दिवशी आग लावू नका. माणसं सुट्टी काढून आलेली असतात, घरमालकाने तारीख दिलेली असते, आणि ‘एवढ्याने काय होतं’ असं कुणीतरी म्हणतंच. अशा वेळी सराव धुराच्या यंत्रावर करा. पाण्याशिवाय, आगीशिवायही त्या घरात शोध, होज आणि मेडेचा भरपूर सराव होतो.

टप्पा ८: चालक आणि अधिकारी

बंब चालवणं हे वेगळं कौशल्य आहे. स्वतःची मोटार चांगली चालवतो म्हणून टँकर द्यायचा नाही. अर्धवट भरलेल्या टाकीतलं पाणी वळणावर एका बाजूला झेपावतं आणि गाडी उलटते. टँकर उलटून अनेक स्वयंसेवकांनी जीव गमावला आहे. चालकाला रिकामी, अर्धी आणि भरलेली अशी तिन्ही प्रकारे गाडी चालवायला द्या. मागे घेताना खाली उतरून वाट दाखवणारा माणूस हवा. खासगी गाडीने केंद्रावर येतानाचा वेगही नियमात लिहा, कारण काही सदस्य तिथेच अपघात ओढवून घेतात.

अधिकाऱ्यांच्या बाबतीत स्वयंसेवी दलांत मतदानाची पद्धत असते. मतदान ठेवा, पण उमेदवारीची अट घाला: फायर ऑफिसर १ ची पात्रता, घटना व्यवस्थापनाचे पुढचे अभ्यासक्रम आणि किमान सेवा. निवडून आल्यावर शिकेन, असं म्हणणारा अधिकारी पहिल्याच मोठ्या आगीत पाचांऐवजी बारा जणांना एकट्याने हुकूम देत बसतो. एका अधिकाऱ्याखाली तीन ते सात माणसं, शक्यतो पाच, हे प्रमाण सरावातही पाळा.

टप्पा ९: वर्षाचं वेळापत्रक

१९१०.१५६ नुसार सर्व सदस्यांना वर्षातून किमान एकदा आणि आत जाणाऱ्यांना दर तिमाहीत प्रशिक्षण हवं. हे किमान आहे. आयएसओच्या मानांकनात इमारतींच्या आगीच्या प्रशिक्षणाचे पूर्ण गुण मिळायला प्रत्येक सदस्यामागे वर्षाला १९२ तास, म्हणजे महिन्याला १६ तास, धरले जातात. स्वयंसेवकाला नोकरी आणि घर सांभाळून एवढं जमेलच असं नाही. जमत नसेल तर कमी तास प्रामाणिकपणे लिहा.

वेळापत्रकात आधी न चुकवता येणाऱ्या गोष्टी बसवा: फिट टेस्ट, वैद्यकीय तपासणी, होजची वार्षिक दाब चाचणी, मेडे, शेजारच्या दलासोबत संयुक्त सराव. उरलेल्या जागेत बाकीचे विषय.

आणि सराव पंधरा जणांनिशी करू नका. मंगळवारी रात्री केंद्रावर पंधरा जण येतात, प्रत्येक होजला तिघं लागतात, सगळं सुरळीत होतं आणि त्यातून दिवसाच्या वर्दीबद्दल काहीच कळत नाही. दुसऱ्या टप्प्यात दिवसाचा आकडा पाच आला असेल तर पाच जणांना बंबावर बसवा आणि बाकीच्यांना वेळ मोजायला लावा. बाकीचे ठरलेल्या मिनिटांनी एकेक करून येतील. पहिल्या पाण्याला किती वेळ लागला, बाहेरचे दोघं कोण होते, पंपावरून कुणी हलला का, हे लिहा. मग माणसं बदलून पुन्हा.

> इशारा: सरावातही विश्रांतीचा नियम पाळा. ३० मिनिटांचे दोन सिलिंडर संपले, किंवा ४५ किंवा ६० मिनिटांचा एक संपला, की किमान २० मिनिटं विसावा, पाणी आणि प्रकृतीची पाहणी.

टप्पा १०: नोंदी

हजेरीच्या कागदावर ‘होज सराव, २ तास, १४ जण’ एवढंच असेल तर त्याचा उपयोग नाही. प्रत्येक नोंदीत तारीख, तास, नेमकं कोणतं कौशल्य, प्रशिक्षकाचं नाव, आणि कुणी करून दाखवलं व कुणी नुसतं पाहिलं हे वेगळं हवं. वर्षाच्या शेवटी आठवून भरलेल्या नोंदी चौकशीत लगेच ओळखू येतात.

प्रत्येक सदस्याची एक फाइल ठेवा: वैद्यकीय, फिट टेस्ट, पायऱ्यांवरच्या सह्या, परवाना, पोशाखाची तारीख. मुदत संपली की त्याच दिवशी टॅगचा रंग खाली येतो, मग तो दलप्रमुख असला तरी. मुदत पूर्ण केली की रंग परत मिळतो. हा नियम दलाच्या लेखी धोरणात मतदानाने मंजूर करून घ्या, म्हणजे अंमल करताना ते कुणा एकाचं वैर वाटत नाही.

दर महिन्याच्या बैठकीत तीन आकडे फळ्यावर लिहा: आज आत जाण्यास पात्र किती, मागच्या महिन्यात दिवसाच्या आगींवर पाच पात्र माणसं किती वेळा जमली, आणि पुढच्या साठ दिवसांत कुणाकुणाची मुदत संपते. तिसऱ्या आकड्यातल्या प्रत्येक नावासमोर तारीख टाकूनच बैठक संपवा.